एकतिसावं पाकीट

मंगळवार, ४ मार्च

बोरूकाका गेले म्हणे.

‘म्हणे’ मुद्दाम लिहितो. सकाळी चहा घेता घेता ‘दौत आणि टाक’ हा आमचा जुन्या शाईपेनांचा ग्रूप उघडला, तर सगळ्यात वर त्यांच्याच खात्यावरून मजकूर: “मी त्यांची मुलगी लिहिते आहे. बाबा रविवारी पहाटे झोपेतच गेले. तुम्हा सगळ्यांबद्दल ते फार बोलायचे.” संपलं. ना फोटो, ना आजाराचं नाव. चौतीस वर्षं बँकेत मी सह्या तपासल्या. माणूस समोर उभा असला तरी सही जुळल्याशिवाय तो तोच आहे असं मी कधी मानलं नाही. इथे तर माणूसही नाही, आणि त्याच्या नावावर लिहितंय दुसरंच कुणी.

आणि नेमकं आत्ताच? हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं, पेन त्यांच्याकडे आहे. दहा फेब्रुवारीला दुरुस्तीला पाठवलं. चौदाला त्यांनी कळवलं, “मिळालं. घाई नाही ना?” तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. घाई नाही ना, असं कोण विचारतं? ज्याला वेळ काढायचा असतो तो.

पहिला विचार पेनाचा आला, हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो. दुसरा कुठला आला ते आठवत नाही. चहा गार झाला होता, ओतून दिला.

ही वही सध्या बॉलपेनने लिहितोय. ह्याला अक्षर म्हणायचं की मुंग्यांची रांग, देव जाणे. हिच्या हिरव्या पेनाने ही शाळेतल्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायची. ती गेल्यापासून चार वर्षं ते मी फक्त ह्या वहीसाठी वापरलं. मग ते खरखरायला लागलं, कागद ओरबाडायला लागलं, म्हणून पाठवलं. नसतं पाठवलं तर बरं झालं असतं.

बुधवार, ५ मार्च

ग्रूपवर श्रद्धांजल्यांचा पूर. दुपारपर्यंत एकशे अठरा. काकांनी कुणाची फुटकी टाकी जोडून दिली, कुणाला स्वतःकडची निब फुकट पाठवली, कुणाला तीन तास फोनवर पेन उघडायला शिकवलं. एवढा चांगला माणूस? एकशे अठरा लोकांना एकाच दिवशी एवढं प्रेम आलं की मला वास येतो.

ग्रूप चालवणारा ‘टोपण’ (आमच्यात खरी नावं कुणी सांगत नाही, हा धंद्याने दाताचा डॉक्टर आहे) त्याने एक टूम काढली. आमच्याकडे रीत आहे: पेन दुरुस्त होऊन आलं की मालकाने त्याने एक ओळ लिहायची आणि फोटो टाकायचा. ‘पहिली ओळ’ म्हणतात. तिच्याखाली पहिलं उत्तर नेहमी बोरूकाकांचं. पाच मिनिटांच्या आत. “छान. लिहीत राहा.” कुणाचंही पेन असो, हेच तीन शब्द. तर टोपण म्हणतो, काकांनी दुरुस्त केलेल्या पेनाने सगळ्यांनी एकेक ओळ लिहून टाका. दाताच्या डॉक्टरला एवढा पुळका? ह्याचा डोळा काकांच्या निबांच्या पेटीवर आहे. आत्ता मुलीला गोड बोलेल, महिन्याभरात पेटी ह्याच्या दवाखान्यात.

मी ओळ टाकली नाही. टाकू कशी? ग्रूपवर मी ‘नवखा’ आहे, दीड वर्षापूर्वी आलेला. नवख्याचं पेन त्यांनी अजून परत कुठे केलंय?

त्याआधी मी दुसऱ्या नावाने होतो. ‘भिंग’. ते प्रकरण इथे एकदा लिहून टाकतो, म्हणजे माझी बाजू नोंदीत राहील. तीन वर्षांपूर्वी माझं स्वतःचं काळं पेन बोरूकाकांना दिलं. परत आलं ते लोण्यासारखं चालायला लागलं. माझं पेन आयुष्यात असं चाललं नव्हतं. मी भर ग्रूपवर विचारलं, “माझी मूळ निब कुठे आहे? ही बदललेली आहे.” मला वाटलं, चिडतील, शिव्या देतील. त्यांनी एवढंच लिहिलं, “निब तीच आहे. लिहून बघा.” बाकीचे मात्र माझ्यावर तुटून पडले. मी ग्रूप सोडला. विचारण्यात काय चुकलं? विचारणं हाच माझा जन्मभराचा धंदा.

शुक्रवार, ७ मार्च

‘नवखा’ ह्या नावाने काकांच्या मुलीला निरोप पाठवला. सांत्वनाचं एक वाक्य, पेनाची तीन. तिचं उत्तर: “बाबांच्या टेबलावर चाळीसच्या वर पाकिटं आहेत. प्रत्येकावर चिठ्ठी आहे, पण चिठ्ठीवर नुसती टोपणनावं. मला पेनांतलं काही कळत नाही. यादी करून टाकते. थोडा धीर धरा, प्लीज.”

धीर धरा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तेवढ्यात दहा पेनं इकडची तिकडे व्हायची.

पुरावा गोळा करायला सुरुवात केली आहे. बोरूकाकांची ग्रूपवरची जुनी उत्तरं पहिल्यापासून वाचतोय. सात वर्षांची आहेत. कामाची वाटतात ती वेगळ्या वहीत उतरवून घेतो. आज एकोणीस पानं झाली. एका शाळकरी मुलीने विचारलं होतं, आजोबांचं पेन पडलं, निब वाकली, आता आजोबा रागावतील का. त्याला त्यांनी दोन पानी उत्तर दिलंय. निब कशी सरळ करायची ते अर्धं पान, आजोबांना कसं सांगायचं ते दीड पान. ह्याचा माझ्या प्रकरणाशी संबंध नाही, तरी उतरवून घेतलं.

रविवार, ९ मार्च

लेकीचा फोन.

“बाबा, आवाज असा का येतोय तुमचा?”

“कसा?”

“बसलेला. रडलात का?”

“मी? दिवसभर भिंग लावून वाचतोय, डोळ्यांतून पाणी येतं. घसाही धरलाय.”

“डोळ्यांमुळे घसा धरतो?”

हिला वकील करायला हवी होती. म्हटलं, ग्रूपवरचे एक काका गेले, त्यांच्याकडे तुझ्या आईचं पेन अडकलंय. ती म्हणाली, “म्हणूनच माझा पत्ता दिला होतात का? ‘नवख्याचं पार्सल आलं तर ठेवून घे’ म्हणालात तेव्हाच मला कळेना, हा नवखा कोण.”

“एक ओळखीचा.”

“बाबा, तुम्हाला खोटं अजिबात बोलता येत नाही. आई म्हणायची, तुमच्या कानाच्या पाळ्या लाल होतात.”

फोनवर पाळ्या दिसत नाहीत हे माझं नशीब.

सोमवार, १० मार्च

टेबलावरचा दिवा बदलला. जास्त उजेडाचा आणला. डोळ्यांतून पाणी यायचं थांबत नाही.

गुरुवार, १३ मार्च

यादी लागली. त्रेचाळीस पाकिटं. क्रमांक आणि चिठ्ठीवरचं नाव, एवढंच. पुढे लिहिलंय: आपलं पेन कसं आहे ते मला खाजगीत कळवा, जुळलं की पाठवीन. ही पद्धत मला पटली. नमुना आपल्याकडे ठेवून समोरच्याला बोलतं करायचं. मुलगी दिसते तितकी भोळी नाही.

यादी चार वेळा वाचली. ‘नवखा’ नाही.

आणि एकतिसावं नाव वाचून खुर्चीत सरळ बसलो. ‘भिंग’!

तीन वर्षांत भिंग ह्या नावाने मी काडीही पाठवलेली नाही. म्हणजे त्या पाकिटात काय असणार? माझी मूळ निब! काळ्या पेनाची, बदलून ठेवलेली. तीन वर्षं जपून ठेवली आणि वर चिठ्ठीही लावली. चोर कितीही हुशार असला तरी पाकिटावर नाव लिहून मोकळा होतो. एकशे अठरा भाबड्यांना आता दाखवतो मी, त्यांचे काका कसे होते ते.

शुक्रवार, १४ मार्च

ग्रूपवर टाकायला मजकूर लिहून काढला. छान जमला होता. टाकला नाही.

ह्या वहीपाशी खोटं बोलून काय मिळणार? काळ्या पेनाच्या निबेवर एक चरा आहे. फार पूर्वी पेन माझ्या हातून बेसिनमध्ये पडलं, तेव्हाचा. उजव्या टोकाजवळ, तिरका, केसाएवढा. ग्रूप सोडला त्यानंतर तीन महिन्यांनी पेन साफ करताना निब भिंगाखाली धरली, तर चरा तिथेच होता. जिथे असायला हवा तिथेच.

निब तीच होती. हे मला गेली पावणेतीन वर्षं माहीत आहे.

माफी मागायला हवी होती. आज मागू, उद्या मागू करत राहिलो. जितके दिवस गेले तितकं ते वाक्य जड होत गेलं. मग हिच्या पेनाला त्यांच्याशिवाय दुसरं कुणी हात लावू नये असं वाटलं, म्हणून ‘नवखा’ झालो. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय. दीड वर्ष त्यांना ‘काका, काका’ करून प्रश्न विचारले. प्रत्येकाचं उत्तर दिलं त्यांनी.

पण मग एकतिसाव्या पाकिटात आहे तरी काय? आणि हिचं पेन कुठे गेलं?

रविवार, १६ मार्च

मुलीला हिच्या पेनाचं वर्णन कळवलं. हिरवं, टोपणाला कडेला चीर, क्लिपवरचा मुलामा उडालेला, मागच्या टोकाला दातांच्या खुणा (ही विचार करताना पेन चावायची, विद्यार्थ्यांना मात्र त्यासाठी ओरडायची). तासाभराने उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो.

“हे पेन माझ्याकडे आहे. पण ते ‘नवखा’च्या नावाने नाही, ‘भिंग’च्या नावाने आहे. सोबत एक बंद पाकीट आहे आणि त्यावर बाबांनी लिहिलंय, ‘भिंग यांनाच द्यावे’. तुम्हाला आतलं वर्णन इतकं नेमकं कसं माहीत, मला कळत नाही. खोट्या नावाने पेनं मागणारे लोक येतील असं मला ग्रूपमधल्या एकांनी आधीच सांगून ठेवलंय. राग मानू नका, पण मी हे तुम्हाला देऊ शकत नाही.”

म्हणजे चोर मी.

आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. आपलंच असलेलं काही मागताना समोरचा असा बघतो तेव्हा कसं वाटतं, हे आज कळलं. कागद हातात धरून घाम पुसत उभे राहणारे कितीतरी चेहरे आठवले. त्यातले बरेचसे खरेच होते.

तिला सावध करणारा ‘एक’ म्हणजे टोपणच. बरोबर केलं त्याने. मीही तेच केलं असतं.

आता ‘मीच भिंग’ म्हणावं तर दीड वर्षाचं सोंग उघडं पडतं. न म्हणावं तर हिचं पेन जातं. आणि मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट तिसरीच आहे. नवख्याने पाठवलेल्या पेनावर त्यांनी भिंगाचं नाव का लावलं? पत्ता लेकीचा होता, नाव नवं, चिठ्ठीसुद्धा डाव्या हाताने लिहिली होती. कुणी चुगली केली? माहीत तर कुणालाच नव्हतं.

बुधवार, १९ मार्च

लेकीला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, “बाबा, आईच्या पेनापुढे तुमचं नाक किती मोठं आहे?”

मग काकांच्या मुलीला लिहिलं: “नवखा आणि भिंग एकच. तो मी. तुमच्या वडिलांवर खोटा आळ घेणाराही मीच. विश्वास ठेवू नका, खात्री करून घ्या. म्हणाल तिथे येतो.” तिने शनिवार सांगितलाय.

पाठवायच्या आधी अकरा वेळा वाचलं. पाळ्या गरम झाल्या होत्या, तरी ह्या खेपेला एक अक्षर खोटं नव्हतं.

शनिवार, २२ मार्च

बसने अडीच तास. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार मुलीने उघडलं. चाळिशीची असेल. थकलेली. लोकांच्या आखडलेल्या सांध्यांना व्यायाम देणं हा तिचा व्यवसाय, त्यामुळे मी बुटाची लेस सोडायला वाकलो तर म्हणाली, “गुडघा वाचवताय, कंबर धराल. बसून काढा.”

त्यांची खोली इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं. खिडकीशी टेबल, त्यावर हिरवं कापड, दिवा, एका डोळ्याला लावायचं भिंग. बरण्यांमध्ये निबा. खुर्चीची उशी एका बाजूला दबलेली. मी भिंतींवर नजर फिरवली. काहीतरी लपवलेलं असेल अशी सवयीची नजर. काही नव्हतं.

“पाणी देऊ की चहा?”

“आधी खात्री करा,” मी म्हणालो.

ती पहिल्यांदाच थोडी हसली. टेबलाच्या खणातून एक जाडजूड वही काढली, कोरा कागद आणि एक पेन माझ्यापुढे ठेवलं. “एक ओळ लिहा. काहीही.”

“सही जुळवणार?”

“नाही. हात बघणार.”

काय लिहावं सुचेना. तारीख आणि वार लिहिला. ती कागदाकडे बघतच नव्हती, माझ्या बोटांकडे बघत होती. मग तिने वही उघडून माझ्यापुढे सरकवली. पानोपानी निबांची मोठी मोठी चित्रं, कुठली बाजू किती झिजली त्याच्या खुणा, खाली टीप. एका पानावर ‘भिंग, काळं पेन’. निबेच्या डाव्या अंगाला बाण. खाली लिहिलेलं: “डावीकडे रेटतात. अंगठ्याचा दाब फार. हात रागीट, पण एकदा धरलं की सोडत नाही. उजव्या टोकाला जुना चरा आहे, तो तसाच ठेवला, ओळखीला उपयोगी पडेल.”

ओळखीला उपयोगी पडेल. तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, मी आरोप करायच्या आधी.

“ग्रूपवर तुम्ही तसं म्हणालात तेव्हा मी बाबांना म्हटलं होतं, चऱ्याचा फोटो टाका की, तोंड बंद होईल त्यांचं,” ती म्हणाली. “तर म्हणाले, चारचौघांत कशाला? घरी भिंग आहे त्यांच्याकडे. दिसेल कधीतरी.”

मला खाली बघावं लागलं. ती स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ आली नाही. मुद्दामच असावं.

चहा झाल्यावर तिने हिरवं पेन फडक्यात गुंडाळलेलं दिलं, आणि ते बंद पाकीट. निघताना म्हणालो, “तुमच्या वडिलांनी मला ओळखलं कसं, तेवढं सांगा.”

“मला काय माहीत? पाकीट मी फोडलेलं नाही. तुमच्या नावाचं होतं ना.”

बसमध्ये फोडलं नाही. लोक बघतात.

रविवार, २३ मार्च

हे हिच्या पेनाने लिहितोय.

पाकिटात माझीच चिठ्ठी होती, डाव्या हाताने लिहिलेली: “नवखा. खरखर पूर्ण घालवावी.” तिच्या मागच्या बाजूला त्यांचं बारीक अक्षर:

“भिंग, निब ज्याच्या हातात असते त्याच्या बाजूने झिजते. ह्या निबेवर दोन हात आहेत. खालचा हलका आणि सरळ, पुष्कळ वर्षांचा. त्यावर तीन-चार वर्षांचा दुसरा, डावीकडे रेटणारा. तो मी ओळखतो. पहिला हात कुणाचा ते विचारत नाही. खरखर पूर्ण घालवायची तर निब घासावी लागेल, आणि घासली तर पहिला हात जाईल. म्हणून नुसती फटीत साचलेली शाई काढली, घासलेली नाही. थोडी खरखर राहील, राहू द्या. पेन हलकं धरलंत तर आपोआप पहिल्या हाताच्या वाटेने चालेल. पुढच्या वेळी नाव बदलायची गरज नाही.”

कितीदा वाचलं ते मोजलं नाही. मग पेन हलकं धरून बघितलं. मला सवय नाही, बोटं दुखतात. पण चार ओळींनंतर एका ठिकाणी निब खरंच सरकन वळली, आणि माझ्या अक्षरात नसलेली एक गोलाई उमटली. ‘शाबास’ लिहिताना ही जशी काढायची तशी. मी खुर्चीत बसून मोठ्याने रडलो. दिव्याचा काही दोष नाही.

संध्याकाळी ‘भिंग’चं जुनं खातं उघडून ग्रूपमध्ये परत शिरलो. पासवर्ड आठवत होता, हिचं माहेरचं नाव. काळं पेन घेतलं, कोऱ्या कागदावर एक ओळ लिहिली, फोटो काढून ग्रूपवर टाकला. तीन वर्षं राहून गेलेली पहिली ओळ:

“निब तीच होती. लिहून बघितलं.”

खाली सगळं कबूल केलं. नवखा कोण, आळ कुणी घेतला, चरा कधी दिसला. टोपणवर घेतलेला संशयसुद्धा, जरी तो त्याला माहीत नव्हता. उतरवून घेतलेल्या उत्तरांची वही एकशे चाळीस पानांची झाली आहे, ती हवी त्याला पाठवीन असंही लिहिलं.

आणि मग स्क्रीनकडे बघत बसलो. एक मिनिट. दोन मिनिटं. पाच झाली. पहिलं उत्तर आलं नाही तेव्हा आधी वाटलं, नेट गेलं असेल. जाऊन तपासलं. नेट चालू होतं.

वही मागे उलटून चार तारखेची नोंद काढली. पहिल्या ओळीतला ‘म्हणे’ ह्या पेनाने खोडला.